पोस्टर मागून लावा, आधी ओव्हरटाइमची वही उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधली ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, माणसं १८० च्या आसपास, त्यातले एक तृतीयांश परमनंट, बाकी ठेकेदाराचे, लाइनवर थोड्या मुली. मोठ्या कस्टमरनं प्रश्नावली पाठवलीय, समान संधी आणि सर्वसमावेशकतेसाठी तुम्ही काय करता ते लिहून द्या म्हणून. साहेब म्हणाले महिनाअखेरीला एक ट्रेनिंग घ्या, पोस्टर लावा, फोटो पाठवून द्या. सुपरवायझर म्हणायलेत, आपल्याकडं तसलं काही नाही, सगळे एका कँटीनमधे जेवतात. बजेट नाही. मुली वर्षाच्या आत सोडून जातात. एचआरमधे नवीन लागलेल्या भावाला विचारायचंय की सुरुवात कुठून करू, जातीचा विषय काढावा का आणि मुली का सोडून जातात.

भाऊ, मी चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात टाइम ऑफिसपासून एचआरपर्यंत सगळं केलंय आणि ट्रेनिंगही बरीच घेतलीत, त्यामुळं सांगते, ट्रेनिंग शेवटी ठेवा. कारखान्यात माणसाला आपण इथले आहोत की नाही हे हॉलमधल्या भाषणावरून कळत नाही, ते त्याला रोज काय मिळतं आणि ते कोण ठरवतं यावरून कळतं. ओव्हरटाइम कोणाला मिळाला, दिवाळीला सुट्टी कोणाची मंजूर झाली, चांगलं मशीन कोणाकडं गेलं, नाइट सलग कोणाला लागली, हेल्परचा ऑपरेटर कोण झाला, ही सगळी वाटपं आहेत आणि छोट्या कंपनीत बहुतेक ठिकाणी ती एका सुपरवायझरच्या मनावर चालतात. त्याच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण मनावर चाललेली गोष्ट ओळखीच्या माणसाकडं झुकते आणि आपल्याकडं ओळख म्हणजे गाव, भावकी, जात हे सगळं एकत्रच येतं.

म्हणून पहिलं काम, मागच्या सहा महिन्यांचं रजिस्टर काढा. ओव्हरटाइमचे तास, नाकारलेल्या रजा, शिफ्ट बदल, हेल्परवरून वर गेलेली माणसं, आणि वर्षाच्या आत सोडून गेलेली माणसं. एका एक्सेल शीटमधे नाव, परमनंट की ठेकेदाराचा, बाई की पुरुष, कोणत्या लाइनवर, कोणाच्या ओळखीनं लागला, कोणत्या गावचा, एवढे कॉलम करा. याला पैसा लागत नाही, दोन संध्याकाळी लागतील. मी जिथं जिथं हे केलंय तिथं कोणावर बोट न दाखवता कागदच बोललाय. एका ठिकाणी तर रविवारचा डबल पगाराचा ओव्हरटाइम फिरून फिरून त्याच सात-आठ नावांना आणि ती सगळी पोरं एकाच तालुक्यातली. सुपरवायझरला ऑफिसात बोलवून, दार लावून तो कागद फक्त समोर ठेवला, तो स्वतःच म्हणाला की मॅडम मी कधी मोजलंच नव्हतं, फोन केला की ही पोरं येतात म्हणून यांनाच फोन करतो. तेव्हापासून ओव्हरटाइमची यादी बोर्डावर नंबरानं लावायला लागलो, ज्याचा नंबर येईल त्याला विचारायचं, तो नाही म्हणाला तर पुढचा. तक्रारी एकदम कमी झाल्या, त्या नियमामुळं, आणि कोणतंही भाषण न देता.

आता ठेकेदाराच्या माणसांचं. तुमच्या १८० मधले दोन तृतीयांश तेच आहेत आणि तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. आपल्या भागात ठेकेदाराकडं लागणारी पोरं कोण असतात बघा. गेवराई, धारूर, परतूर, पाथरी, सेनगाव या बाजूची, कोरडवाहू दोन-तीन एकरवाली किंवा ती पण नसलेली, काहींचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखरपट्ट्यात जाणारे. शिकलेली आहेत, आयटीआय झालेली आहेत, पण आतमधे कोणी ओळखीचं नाही. हीच पोरं पुण्याकडं चाकण-रांजणगावला गेली की त्यांना मराठवाड्याचे का म्हणून रूम नाकारतात, वेगळ्या नजरेनं बघतात, हे आपल्या प्रत्येक घरात कोणीतरी भोगलंय, आणि इकडं आपल्याच कारखान्यात आपण त्याच पोरांना वेगळ्या रंगाचा शर्ट देऊन, मागून जेवायला पाठवून, नावाऐवजी ठेकेदाराच्या नावानं हाक मारून तेच करतो. अमक्याचा पोरगा पाठव रे इकडं. त्याला स्वतःचं नाव आहे ना.

कायद्याचं बघायचं तर पिण्याचं पाणी, संडास, विश्रांतीची जागा, कँटीन या सोयी ठेकेदारानं दिल्या नाहीत तर त्या मूळ मालकानं, म्हणजे तुमच्या कंपनीनं, द्यायच्या हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं आणि नव्या लेबर कोडमधे तर कल्याणाच्या सोयींची जबाबदारी सरळ मूळ मालकावरच टाकलीय. म्हणजे साहेब म्हणाले की ते ठेकेदाराचं ठेकेदार बघेल, तर ते चालत नाही. पण कायद्याच्या आधी करता येण्यासारखं बरंच आहे. जेवणाची वेळ एक करा, ओळखपत्रावर नाव मोठं आणि ठेकेदाराचं बारीक करा, लाइनच्या बोर्डावर सगळ्यांची पूर्ण नावं लिहा, पगाराची स्लिप प्रत्येकाला मिळते का ते स्वतः दहा जणांना विचारून बघा. दिवाळीला परमनंटला एक किलोचा डबा आणि ठेकेदाराच्या पोराला पाव किलोचा पुडा, हे अजून चालतं ठिकठिकाणी, आणि त्या पुड्याची आठवण माणूस दहा वर्षं ठेवतो. त्यात कंपनीचे फार पैसे वाचत नाहीत हो, हिशोब करून बघा एकदा.

जातीबद्दल तुम्ही विचारलंय की हा विषय काढावा का. सुपरवायझर म्हणतात आपल्याकडं तसलं काही नाही. आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव १९७८ ला झाला, त्यावरून गावंच्या गावं पेटली, वस्त्या जळाल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्यांनी हे लहानपणी बघितलं ती माणसं आज पन्नाशीत आहेत, तुमच्याच कारखान्यात मेंटेनन्सला, स्टोअरला आहेत, दोन्ही बाजूंची आहेत आणि एकाच टेबलावर जेवतात. एका टेबलावर जेवणं ही चांगली गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही, पण तेवढ्यावरून काही नाही असं म्हणता येत नाही.

जात आपल्याकडं शिवी देऊन फार कमी येते, ती दुसऱ्या रस्त्यानं येते. नवा पोरगा लागला की पहिल्याच दिवशी गाव कोणतं, मग आडनाव काय, आडनावावरून कळलं नाही तर तुमच्यात देव कोणता, लग्नं कुठं करता, असं करत करत विचारणाऱ्याचं समाधान होईपर्यंत. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या बाजूला रूम बघायला गेलं की हेच. ज्याला उत्तर देताना काही वाटत नाही त्याला हा प्रश्न साधा वाटतो, आणि ज्याला वाटतं तो पहिल्या दिवसापासून जपून बोलायला लागतो. कमी बोलतो. मीटिंगमधे गप्प बसतो. मग त्याच्या अप्रेझलवर लिहून येतं की कम्युनिकेशन कमी आहे. हे मी एकदा नाही, सारखं बघितलंय आणि मला त्याचा त्रास होतो.

दुसरा रस्ता भरतीचा. जागा निघाली की नोटीस लागत नाही, सुपरवायझर म्हणतो माझ्याकडं दोन पोरं आहेत, पाठवून देतो, की झालं. तीन वर्षांत सगळी लाइन एका गावाची होते. यावर उपाय कठीण नाही. जागा निघाली की गेटवर आणि जवळच्या आयटीआयमधे मराठीत नोटीस लावा, आणि ओळखीनं आलेला असो की नोटीस वाचून, दोघांनाही सारखीच प्रॅक्टिकल टेस्ट द्या, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचायला लावा, ड्रॉइंगवरून माप काढायला लावा, मार्क दोन वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या माणसांनी द्यायचे आणि त्या कागदावर फक्त नंबर, आडनाव नाही. ओळखीचे अर्ज बंद करू नका, लोक दुखावतात आणि तसंही ओळखीतून चांगली पोरं मिळतात, फक्त ती एकमेव खिडकी राहू देऊ नका.

तिसरा रस्ता म्हणजे झाडलोट. बाकी काही बघायचं नसेल तर एवढं बघा की तुमच्याकडं संडास कोण धुतं, ड्रेनेज तुंबलं की कोणाला बोलावतात आणि त्यांच्यातलं कोणी कधी मशीनवर गेलंय का. हाउसकीपिंगच्या बायांचा चहा कोणत्या कपात येतो. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ नं संपवली आणि १९५५ ला त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला, तरी बाजूला ठेवलेला कप आजही सापडतो. सापडला तर तिथंच, त्याच दिवशी बंद करा, त्यावर चर्चा घेऊ नका, समिती नेमू नका, सगळे कप सारखे आणा. आणि जातीचा सर्व्हे मात्र करू नका. १८० माणसांच्या कंपनीत फॉर्मवर जात लिहायला सांगितली तर तो फॉर्म कोणी वाचला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि ज्यांच्यासाठी करताय त्यांनाच धोका होतो. गाव, ओळख, काम आणि बढती एवढ्यावरून पुरेसं कळतं. ज्याला तक्रार करायचीय त्याला मात्र वाट पाहिजे, साहेबांना सरळ भेटायची वेळ ठरवून द्या, तक्रार करणाऱ्याची शिफ्ट, लाइन त्यानंतर सहा महिने तरी त्याला विचारल्याशिवाय बदलायची नाही असं लिहून ठेवा. लोक तक्रारीला घाबरत नाहीत, तक्रारीनंतर काय होईल त्याला घाबरतात.

मुली का सोडून जातात हे विचारलंय. लग्न झालं म्हणून, असं राजीनाम्यावर लिहिलेलं असतं, ते कारण सगळ्यांना सोयीचं आहे. खरं कारण काढायचं असेल तर सोडून गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी फोन करा, तुम्ही नका करू, एखाद्या बाईला करायला सांगा, निवांत वेळी. मी केलेल्या फोनमधे जी कारणं यायची ती लिहिते. संडास लाइनपासून लांब आणि कडी तुटलेली, पाळीच्या दिवसांत कचऱ्याचा डबा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही. सेकंड शिफ्टची बस मेन रोडला सोडते, तिथून वस्तीपर्यंत अंधार. सुपरवायझर तोंडानं घाण नाही पण हसतमुख असणारीला बसायचं काम आणि न हसणारीला उभं राहायचं. आणि चौथं, काम तेच तेच. मुलींना व्हिज्युअल इन्स्पेक्शनला बसवतात आणि तिथंच ठेवतात, सोबतचा पोरगा दोन वर्षांत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर जातो, हिचं डोळे खराब होईपर्यंत पार्ट बघणंच चालू. एका कंपनीत आम्ही मुलींना सीएनसी शिकवायचं म्हटलं तर उत्तर आलं, जॉब (मशीनवर चढवायचा पार्ट) जड आहे. मग जड जॉब उचलायला छोटा होइस्ट बसवून घेतला. मुली मशीनवर गेल्याच, पण सगळ्यात आधी त्या होइस्टचं कौतुक कोणी केलं तर कंबर धरून काम करणाऱ्या जुन्या ऑपरेटर लोकांनी.

बाळंतपणाबद्दल मालक लोकांच्या डोक्यात एक भीती बसलीय की २६ आठवडे बसून पगार द्यावा लागेल, म्हणून लग्न झालेली मुलगी घ्यायचीच नाही, किंवा ठेकेदाराला सांगून ऐनवेळी ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून थांबवायचं. पहिली गोष्ट, गरोदर आहे म्हणून काढणं कायद्यात बसत नाही. दुसरी गोष्ट हिशोबाची आहे आणि ती साहेबांना नक्की सांगा: जिचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) भरणा होतोय, तिच्या रजेचा पैसा कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं, आधीच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमधे (एक पिरियड सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांचा भरणा झालेला असला म्हणजे झालं. लाइनवरच्या बहुतेक सगळ्या मुली यात बसतात. कंपनी दर महिन्याला ३.२५ टक्के भरतेच आहे, मग ज्यासाठी भरलं तेच मिळू द्यायचं नाही याला काय अर्थ आहे. पाळणाघर ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाहिजेच, तुम्ही १८० आहात. एकट्यानं जमत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कंपन्यांशी बोला, एमआयडीसीत भिंतीला भिंत आहे, मिळून एक चालवता येतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती, दहा माणसं झाली की लागते, २०१३ चा कायदा आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी बाया, एक बाहेरची सदस्य. नसली तर ५०,००० पर्यंत दंड आहे, पण दंड सोडा, बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते आणि मुलींना तिच्यातली एकही बाई ओळखता येत नाही. फलकावर नाव आणि मोबाइल नंबर मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि तो फलक बायांच्या चेंजिंग रूममधे लावा, साहेबांच्या केबिनबाहेर नको, तिथं उभं राहून नंबर कोण उतरवून घेणार. ठेकेदाराची, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळ्यांना तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांत, आणि समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. आणि प्रश्नावलीत 'तक्रारी शून्य' हे अभिमानानं लिहू नका. शून्य म्हणजे बहुतेक वेळा कोणाला रस्ता माहीत नाही.

सणांचं सोपं आहे, फक्त कोणीतरी लक्ष घातलं पाहिजे. रमजानमधे सेकंड शिफ्टचा चहाचा ब्रेक इफ्तारच्या वेळेला सरकवा, प्रॉडक्शन एक मिनिट कमी होत नाही. भट्टीजवळ रोजेवाला असेल तर त्याला विचारा की महिनाभर दुसरीकडं जायचंय का, विचारा म्हणजे विचाराच, परस्पर हलवू नका, काही जणांना हलायचं नसतं. सुट्ट्यांच्या यादीत १४ एप्रिल आणि ईद आहे का बघा, ६ डिसेंबरला दादरला जाणारे दरवर्षी असतात, त्यांची रजा आधीच धरून शिफ्ट लावा, दरवर्षी भांडायला लावू नका. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त कामाचं, धर्माचं-राजकारणाचं काहीच नाही, आणि हा नियम मॅनेजरलाही. बिहार, यूपी, ओडिशाचे लोक असतील तर सेफ्टीच्या सूचना हिंदीत पण, इंग्रजीतला बोर्ड फक्त ऑडिटरसाठी असतो.

दिव्यांगांचं बघा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार धरलेत आणि प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे, २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात कोणती कामं त्यांना जमतील, काय सोयी देणार हे पण लिहायचं. तुमच्या कस्टमरच्या प्रश्नावलीत हे नक्की असणार. ऐकू न येणारी पोरं असेंब्लीला फार चांगली काम करतात, फक्त फायर अलार्मला दिवा जोडून घ्या आणि रोजच्या पाच मिनिटांच्या टॉकमधलं त्यांना बोर्डावर लिहून द्या. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यानं तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तो आत्ताच नेमून टाका, कोणी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा.

राहिले सुपरवायझर. त्यांना खलनायक करू नका, खरंच सांगते. त्यांच्यावर वरून टार्गेटचं ओझं असतं, बहुतेक जण चांगले ऑपरेटर होते म्हणून सुपरवायझर झालेत, माणसं कशी सांभाळायची हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. ट्रेनिंग घ्यायचंय ना, त्यांचंच घ्या, आणि बाहेरून स्लाइड आणून नका घेऊ, तुमच्याच रजिस्टरमधले प्रसंग नावं काढून ठेवा. दोघांनी एकाच दिवशी रजा मागितलीय, एकाच्या बहिणीचं लग्न, दुसऱ्याच्या गावात भीमजयंती, माणूस एकच सोडता येतो, काय कराल आणि त्या दोघांना काय सांगाल. अशा गोष्टींवर ते तासभर भांडतात आणि त्यातूनच नियम निघतो, आणि स्वतः बनवलेला नियम माणूस पाळतो.

साहेबांशी बोलताना दोन्ही बोला. पैशाचं बोला, मुलगी सोडून गेली की नवीन शिकवेपर्यंत रिजेक्शन वाढतं ते तुमच्या क्वालिटीच्या आकड्यांतच दिसेल. पण तेवढ्यावरच थांबू नका, हेही सांगा की माणसाला माणसासारखं वागवायला फायद्याचं कारण लागू नये. मी कितीतरी मालकांना हे तोंडावर सांगितलंय, चिडत नाहीत, उलट बरेचसे गप्प होऊन ऐकतात, कारण त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतः शून्यातून वर आलेत.

महिनाअखेरपर्यंत एवढंच करा: रजिस्टरचा कागद, बायांच्या संडासाची कडी, दिवा आणि डबा, समितीचा फलक, ओव्हरटाइमची नंबरवारी यादी आणि जेवणाची एक वेळ. प्रश्नावलीत हे झालेलं म्हणून लिहा, आणि पाळणाघर, धोरण, भरतीची टेस्ट हे तारीख टाकून चालू काम म्हणून लिहा. न केलेलं केलं म्हणून लिहू नका, मोठ्या कस्टमरचा ऑडिटर आला की तो ठेकेदाराच्या पोरांना बाजूला घेऊन विचारतो. आणि रजिस्टर काढताना काही अडलं, कोणता कॉलम कसा लावायचा वगैरे, तर इथंच लिहा, मी बघते.